उभ्यानं चिरायची फळी

ऊसतोडणी सुरू झाली की मला घरात बसवत नाही. आता आमच्या गावात गुऱ्हाळ उरलेलं नाही. ऊस ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्यांत भरून कारखान्याला जातो, आणि ट्रॅक्टरवरच्या गाण्यांचा आवाज वळणावर ट्रॉलीच्या आधी येऊन पोचतो. तरीसुद्धा मार्गशीर्ष लागला, सकाळी पाचटावर दव चमकायला लागलं, की ऐंशी पार केलेले माझे हात शिवशिवू लागतात. सून म्हणते, "मामा, स्वेटर घाला आणि ओसरीवर बसा." मी स्वेटर घालतो आणि बांधावर जातो. तिथं उभा राहिलो की मला तो एक हंगाम आठवतो. त्या महिना-दीड महिन्यात मी पहाटे उठायचो ते हातात घ्यायच्या कामाच्या ओढीनं. पुढं आयुष्यभर शाळेत सुतारकाम शिकवलं, हजार पाट आणि चौरंग करून घेतले मुलांकडून. पण इतक्या घाईनं पुन्हा कधी उजाडलं नाही.

लढाई, म्हणजे दुसरं महायुद्ध, संपल्यानंतरचा तो पहिला हंगाम. मी चार वर्षांनी घरी आलो होतो. भरती होताना मला बंदूक हवी होती, पण पूल बांधणाऱ्या तुकडीत माझी नेमणूक झाली आणि माझ्या हाती करवत आली. चार वर्षं, शेवटी इटलीत, मी पुलांच्या फळ्या कापल्या, खोकी ठोकली, मोडकी दारं बसवली. आमचं घर शेतकऱ्याचं, कृष्णाकाठचं, साताऱ्यापासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. परत आलो तेव्हा सगळ्यांच्या देखत ट्रंक उघडली. आत दोन खाकी शर्ट, एक कांबळं आणि एक रंधा. इटलीहून आलेल्या माणसानं घरच्यांसाठी काही आणलं असेल असं सगळ्यांना वाटत होतं. वहिनीनं रंधा उचलून उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "भावजी, ह्याच्यावर खोबरं खवत्यात का?"

मला लाज वाटली. सगळ्यांना काहीतरी द्यायचं असं मी त्याच क्षणी ठरवलं. काय द्यायचं ते मात्र दुसऱ्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी आई विळीवर बसून वांगी चिरत होती. एक गुडघा दुमडून जमिनीला, दुसरा पाय विळीच्या पाटावर दाबलेला, आणि वांगं दोन्ही हातांनी पात्यावर. मी समोर बसलो होतो. मी विचारलं, "आक्का कधी येणार?"

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. सांगलीला दिली होती. आईनं वांगं खाली ठेवलं.

"आक्का बरी न्हाई. पावसाळ्यात नदीच्या घाटावर पाय सरकला तिचा. गुडघा मोडला. हाड बसवणाऱ्यानं बसवला, पर आता पाय वाकतच न्हाई. काठी घेऊन चालती. विळीवर बसता येत न्हाई, चुलीपुढं बसता येत न्हाई. सासू म्हणती, आमी सून आणली, पाव्हणी न्हाई. संक्रांत झाली की आणून सोडतो म्हणत्यात. दुसरी बघून ठेवलीया म्हणं."

"आणि दाजी काय म्हणतात?"

"दाजी काय म्हणत न्हाईत. तेच वंगाळ हाय."

ती पुन्हा चिरायला लागली. मी आईच्या दुमडलेल्या गुडघ्याकडे पाहत राहिलो. बायकांचं सगळं काम त्या एका गुडघ्यावर चालतं हे मला तोवर कधी दिसलं नव्हतं. आणि पाहता पाहता मला इटलीतली एक म्हातारी आठवली. डोंगरातल्या एका दगडी घरात आमची तुकडी आठवडाभर राहिली होती. ती म्हातारी टेबलाशी उभी राहून कांदा चिरायची. खाली लाकडाची जाड फळी, हातात सुरी. काम झालं की फळी धुऊन भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायची. सवयीनं मी त्या फळीचं माप घेतलं होतं: दोन वीत लांब, एक वीत चार बोटं रुंद. माप अजून माझ्या बोटांत होतं.

"आई," मी म्हटलं, "तिकडं बाया उभ्यानं चिरतात."

"उभ्यानं? मग चिरलेलं खाली पडत न्हाई व्हय?"

मी उठलोच. संक्रांतीला अजून महिना होता. आक्काला एक, आईला एक, वहिनीला एक, अशा तीन फळ्या करायच्या. मला इतका आनंद झाला की मी अनवाणीच रानात गेलो.

पहिली फळी मी बांधावर नुकत्याच पाडलेल्या बाभळीची केली. दोन दिवस रंधा मारला. तांबूस, गुळगुळीत, देखणी झाली. रानातल्या आमच्या गुऱ्हाळावर उन्हात ठेवली आणि रस उकळायच्या काहिलीकडे गेलो. चौथ्या दिवशी ती पापडासारखी वाकडी झाली, आणि पाचव्या दिवशी मधोमध तडकली.

वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. आबांनी तडकलेली फळी पाहिली. "गावाला सुतार हाय," ते म्हणाले. "त्याचं काम त्याला करू दे. तू औत धर."

गावचा सुतार म्हणजे गणूअप्पा. साठीचा, कानावर पेन्सिलीचा तुकडा, बोलायला तिखट. त्याच दुपारी तो गाडीचं चाक बघायला गुऱ्हाळावर आला आणि त्याची नजर नेमकी फळीवर गेली.

"ही कुणी केली?"

"मी."

"सरकारनं चार वर्षं पगार दिला न्हवं तुला? लाकूड वाळू द्यावं लागतं एवढं सांगितलं न्हाई?"

"तिकडं लाकूड वाळलेलंच यायचं, अप्पा."

"हां. हितं झाड येतं." त्यानं फळी माझ्या हातात दिली. "माझं बलुतं मोडायला निघालास, तर निदान चांगलं काम करून तरी मोड."

मी त्याला सगळं सांगितलं. आक्काचा पाय, सासूचा निरोप, म्हातारीची फळी. गणूअप्पा चाकाच्या आऱ्यावर हात ठेवून ऐकत होता. आक्काच्या लग्नातले पाट त्यानंच केले होते. मग तो उठला, गुऱ्हाळाच्या मांडवात गेला आणि तिथं आडव्या पडलेल्या एका ओंडक्यावर त्यानं पायानं टकटक केलं.

"ह्यो," तो म्हणाला. "ह्याच्याएवढं वाळलेलं लाकूड तुला सातारा जिल्ह्यात गावायचं न्हाई."

तो ओंडका म्हणजे जुन्या लाकडी चरकाचा भाग. लोखंडी चरक येण्याच्या आधी दोन उभ्या लाकडी ओंडक्यांमध्ये ऊस घालून रस काढायचे. आबांच्या आज्यानं केलेल्या चरकातला एक ओंडका कधीच जळणात गेला होता; हा बाभळीचा एक उरला होता. वरच्या टोकाला कोरलेले दाते झिजून बोथट झालेले. हंगामात आबा त्याच्यावर बसून गुळावर नजर ठेवायचे.

मी आबांना विचारलं. ते बसल्या जागेवरून हलले नाहीत. "माझ्या आज्याच्या हातची एवढीच वस्तू राहिलीया. त्याला हात लावायचा न्हाई."

आमच्या घरात आबांच्या शब्दापुढं कुणी जात नसे. मी लढाईतून आलो होतो म्हणून काही बदललं नव्हतं. आठ दिवस गेले. मी औत धरलं, मोळ्या वाहिल्या, आणि येता-जाता त्या ओंडक्याकडे बघत राहिलो. हात नुसते जळत होते.

एका दुपारी आई भाकरी घेऊन गुऱ्हाळावर आली. तिनं आबांची भाकरी त्यांच्या शेजारी, ओंडक्यावरच ठेवली. पदर सारखा केला आणि सरळ आवाजात म्हणाली, "ऱ्हाऊ द्या ह्यो ओंडका. आक्का परत आली की बसंल ह्याच्यावर. जमिनीवर तर तिला बसता येत न्हाई."

आणि ती आल्या वाटेनं निघून गेली.

आबांनी भाकरीला हात लावला नाही. काहिलीत रस फसफसत होता, चरकाचे बैल फिरत होते. थोड्या वेळानं आबा उठले, भाकरी उचलून बाजूला ठेवली आणि मला म्हणाले, "गणूला बोलाव. मोठी करवत आणाय सांग."

मला अजून ती दुपार लख्ख दिसते. गणूअप्पानं ओंडक्यावर दोरी धरून कोळशानं रेघा मारल्या. "गाभा सोडायचा," तो मला शिकवत होता. "गाभ्यातनंच चीर धरती. दोन्ही अंगांनी फळ्या काढायच्या." ओंडका दोन दुबेळक्या मेढींवर चढवला. मोठ्या करवतीला दोन माणसं लागतात. एका टोकाला मी उभा राहिलो, दुसऱ्या टोकाला गणूअप्पा यायला निघाला, तेवढ्यात आबांनी त्याला हातानं थांबवलं. त्यांनी मुंडाशाचं टोक खोचलं, तळहातांवर थुंकले आणि करवतीची मूठ धरली.

"रेघ सोडू नगंस," ते मला म्हणाले.

आम्ही ओढायला लागलो. बाभूळ आधीच कठीण, त्यात इतकी वाळलेली. करवत पहिल्यांदा नुसती किंचाळली. मग तिला वाट सापडली आणि आमचा एक ठेका बसला. तू ओढ, मी सोडतो. मी ओढतो, तू सोड. आबांशी मी आयुष्यात इतका वेळ एका लयीत काही केलं नव्हतं. घाम डोळ्यांत उतरला होता, दोघांनाही पुसायला फुरसत नव्हती. पहिली फळी सुटून खाली पडली तेव्हा तिचं आतलं अंग तांब्याच्या भांड्यासारखं लाल निघालं. आबांनी मूठभर भुसा उचलला आणि नाकाशी नेला. मग ती मूठ माझ्यापुढं धरली.

"गूळ," ते म्हणाले.

खरंच होतं. कितीतरी हंगामांचा रस त्या लाकडात मुरला होता. मी हसायला लागलो, गणूअप्पाही हसला, आणि आबा पुढची रेघ बघायला वाकले. त्यांचा चेहरा मला दिसला नाही.

पुढचे दहा दिवस म्हणजे नुसता सोहळा. माझा रंधा, गणूअप्पाची पटाशी, गुऱ्हाळाची सावली. रंध्यातून निघणारी साल कागदासारखी गुंडाळत यायची आणि प्रत्येक सालीला तो मंद गोड वास. कडा कानशीनं गोल केल्या, अंग काचेच्या तुकड्यानं खरवडून इतकं मऊ केलं की वहिनी गाल लावून बघायची. भिंतीला अडकवायला प्रत्येक फळीला एक भोक. आक्काच्या फळीला मी खालून एक पट्टी जोडली, म्हणजे ती कुठल्याही कट्ट्याच्या कडेला अडकून बसेल आणि चिरताना मागं सरकणार नाही. शेवटी करडईचं तेल चोळलं. लोहारानं मोडक्या कोयत्यांच्या पात्यांच्या तीन सुऱ्या करून दिल्या. गणूअप्पा रोज यायचा, चुका काढायचा, आणि शेवटच्या दिवशी उरलेल्या तुकड्यांतून स्वतःच्या बायकोसाठी एक छोटी फळी मुकाट्यानं करून घेऊन गेला.

वहिनीनं तिची फळी घेतली आणि त्या दिवसापासून मटण तिच्यावरच कापायला लागली. आईनं उभ्यानं दोन कांदे चिरले, कंबर धरली आणि म्हणाली, "चांगली हाय रं. पर मला माझी विळीच बरी." पुढं वर्षानुवर्षं आईची फळी ताकाच्या गाडग्यावर झाकण म्हणून राहिली. मला त्याचं वाईट वाटलं नाही. आता सुनेच्या ओट्यावर प्लास्टिकची पांढरी फळी असते, तिच्यावर सुरी कशी टकटक वाजते, आणि सून उभी राहून सहज टोमॅटो चिरत फोनवर बोलते. त्या वेळी उभं राहून चिरणं ही आमच्याकडे बघायला जमावं अशी गोष्ट होती.

भोगीच्या दोन दिवस आधी मी निघालो. सातारा रोडला आगगाडीत बसलो, मिरजेला उतरलो, तिथून टांग्यानं सांगली. फळी कांबळ्यात गुंडाळून मांडीवर घेतली होती. शेजारच्या माणसानं विचारलं, "काय हाय, पेटी?" मी त्याला सोडून दाखवली. त्यानं हात फिरवला आणि म्हणाला, "लय गुळगुळीत हाय गड्या." मी मिरजेपर्यंत आणखी तिघांना दाखवली.

दाजी हळदीच्या वखारीत कामाला होते. त्यांच्या घरात शिरलं की हळदीचा वास यायचा. आक्काच्या सासूबाईंनी मला पाणी दिलं, बसायला घोंगडं टाकलं. वागण्यात काही कमी नव्हतं, पण बोलणं तुटक. आक्का आतल्या दाराशी काठी धरून उभी होती. चार वर्षांत ती फार वाळली होती. मला पाहून तिच्या डोळ्यांत आधी भीती आली. मी तिला न्यायला आलो आहे असं तिला वाटलं होतं.

"न्यायला न्हाई आलो," मी लगेच म्हटलं. "भोगीला आलोय. ह्ये दिवाळीचं राहिलेलं."

कांबळं सोडलं. कुणालाच ते काय आहे हे कळलं नाही. दाजी वखारीतून आले होते, हात पिवळे, ते दारातच थांबले. स्वयंपाकघरात खिडकीखाली दगडी कट्टा होता, त्याच्यावर घागरी ठेवायचे. एक घागर सरकवून मी फळी तिथं अडकवली आणि आक्काच्या हातात सुरी दिली.

"ह्याच्यावर चिर. उभ्यानं."

तिनं काठी भिंतीला टेकवली, वांगं घेतलं. विळीला पातं जागच्या जागी असतं आणि भाजी फिरते. इथं भाजी जागेवर आणि पातं फिरणार. तिच्या हातांना ते उलटं पडत होतं. तिसऱ्याच घावाला बोट कापलं. रक्त फळीवर पडलं. सासूबाई पुढं आल्या, डब्यातली चिमूटभर हळद घेऊन त्यांनी आक्काचं बोट दाबून धरलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "हे कशापायी? नसतं काहीतरी."

"सोडा, आत्याबाई," आक्का म्हणाली. ती सासूला तसंच म्हणायची. "परत करून बघते."

तिनं दुसरं वांगं घेतलं. मग तिसरं. मग गाजर. कुणी हललं नाही. पाचव्या गाजरापाशी तिचे खांदे सैल झाले आणि सुरीचा आवाज एकसारखा यायला लागला. ताटात फोडी साचल्या. आक्कानं मान वर केली नाही, पण ती हळूहळू वेगानं चिरायला लागली, आणि मी पाहिलं की ती हसू दाबते आहे.

दारातून दाजी म्हणाले, "मग चूलपण वर घेऊ."

आक्काच्या लग्नापासून मी त्या माणसाचं इतकं मोठं वाक्य ऐकलं नव्हतं.

"चूल जमिनीला असती," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या सासूपासनं तिथंच हाय."

"व्हय," दाजी म्हणाले, आणि बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते विटांची पाटी डोक्यावर घेऊन आले. आम्ही दोघांनी मिळून कोपऱ्यात विटांचा ओटा रचला, त्याच्यावर मातीची चूल थापली. दाजींना वखारीची कामं येत होती, मला लाकडाची. चुलीचं आम्हां दोघांनाही काही कळत नव्हतं. तरी दुपारपर्यंत आम्हाला ती फार छान वाटली.

सासूबाई देवळातून आल्या. त्यांनी आमची चूल पाहिली. कमरेवर हात ठेवून बराच वेळ पाहिली. दाजींनी खाली मान घातली. मला वाटलं, आता संपलं.

"तोंड वाऱ्याकडं केलंसा," त्या म्हणाल्या. "सगळा धूर तिच्या डोळ्यांत जाईल." आणि वाकून, दोन्ही हातांनी, त्यांनी आमची चूल मोडली. ओटाही वरून दोन थर उतरवला. मग पदर खोचला, माती भिजवायला सांगितली आणि आक्काला हाक मारली.

"ये हितं. उभी ऱ्हा."

आक्का आली. सासूबाईंनी वीत लावून ओट्यापासून तिच्या कमरेपर्यंत मोजलं. एकदा मोजलं, पुन्हा मोजलं. "अजून दोन बोटं खाली पायजे. भाकरी थापताना हात वरनं पडाय पायजे, न्हाईतर खांदा भरून येतो." आणि त्यांनी स्वतःच्या हातानं विटा रचल्या, चूल थापली, शेणामातीनं सारवली. आक्काला त्यांनी तेवढा वेळ शेजारी उभंच ठेवलं, मधून मधून तिच्या कमरेला मातीचा हात लावून माप बघत. आक्काच्या लुगड्यावर मातीचे पंजे उमटले. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि सासूबाई ते न पाहिल्यासारखं करत होत्या.

चूल ओली होती. बारीक जाळ घालून दिवस मावळेपर्यंत ती वाळवली. भोगीला आक्कानं उभ्यानं मिसळीची भाजी केली, तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी केल्या. पहिली भाकरी जाड झाली. सासूबाईंनी ती स्वतःच्या ताटात घेतली. दुसरी बायको बघून ठेवल्याची गोष्ट त्या दिवशी कुणी काढली नाही, आणि नंतरही कधी निघाली नाही.

संक्रांतीच्या दुपारी मी निघालो. टांगा दारात उभा होता. निरोप देताना आक्का रडणार, आईला काय काय सांग म्हणणार, टांगा वळेपर्यंत उभी राहणार, असं मी धरून चाललो होतो. भावाला निरोप देताना सगळ्या बहिणी तेच करतात. ती काठी टेकत उंबऱ्यापर्यंत आली. हाताला पीठ होतं.

"आबांना सांग," ती म्हणाली, "म्हणावं..." आणि आतून करपल्याचा वास आला. तिनं मागं पाहिलं. "जा तू," ती म्हणाली, "माझी भाकरी तव्यावर हाय," आणि वळली. भिंतीचा आधार घेत, घाईघाईनं, ती आत गेली.

टांगेवाल्यानं विचारलं, "बहीण येतीया का परत? थांबू का?"

"न्हाई," मी म्हटलं, "तिला काम हाय. चला."